आधी शिजवा, मग दळा

व्हेनेझुएलात सकाळच्या न्याहारीला अरेपा, रात्री उशिरा घरी परतताना अरेपा, आणि मधे भूक लागली तरी अरेपाच. मक्याच्या पिठाची तळहाताएवढी जाडसर चकती तव्यावर भाजायची, कडेने चिरायची आणि आत आवडेल ते भरायचं. शेजारचे कोलंबियन लोकही तिला आपलीच मानतात आणि ती मूळची कोणाची यावर दोन्हीकडे हिरिरीने वाद होतात. स्पॅनिश जहाजं येण्याच्या कितीतरी आधीपासून या भूभागातले मूळ रहिवासी मका भाजून खात होते, आणि तेव्हा आजची सीमारेषाच नव्हती.

अरेपा खायला सोपी असली, तरी पूर्वी करायला सोपी नव्हती. वाळलेला मका ‘पिलॉन’ नावाच्या लाकडी उखळात मुसळाने कांडून त्याची साल आणि अंकुर काढायचे. मग तो शिजवायचा, दळायचा आणि त्यानंतर कुठे पीठ मळायला घ्यायचं. हे सारं काम बायकांच्या वाट्याचं. कांडताना म्हणायच्या गाण्यांची एक स्वतंत्र परंपराच तिथे तयार झाली.

हा खटाटोप पिशवीत बंद करण्याची युक्ती लुईस काबायेरो मेहियास या व्हेनेझुएलन अभियंत्याला सुचली. शिजवून वाळवलेल्या मक्याच्या पिठाचं पेटंट त्याने १९५४ मध्ये घेतलं. १९६० मध्ये ‘पोलार’ या कंपनीने ‘पान’ नावाचं पीठ बाजारात आणलं. पोलार मूळची बियर करणारी. त्या बियरमध्ये मका वापरला जाई, त्यामुळे मक्यावर प्रक्रिया करणं तिला नवं नव्हतं. कांडण कायमचं संपलं, असं जाहिरात सांगे. थोड्याच वर्षांत पीठ घरोघरी पोचलं. १९९३ पासून त्यात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळली जाऊ लागली, कारण देशातल्या बहुतेकांच्या पोटात रोज जाणारं अन्न हेच होतं.

आधी शिजवण्याला इतकं महत्त्व का? गव्हाची कणीक बांधून ठेवणारं ग्लूटेन मक्यात नाही. उष्णतेने आणि पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच गोळ्याला धरून ठेवतो. भाकरीसाठी आपण गरम पाणी वापरतो ते याचसाठी. म्हणून पीठ विकत घेताना डोळसपणे घ्यावं. कॉर्नफ्लोअर म्हणजे निव्वळ स्टार्च. ते इथे निरुपयोगी. टॉर्टियाचं मेक्सिकन पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं. त्याची चव आणि वास वेगळा. आपल्याकडचं मक्याचं पीठ कच्च्या दाण्याचं असतं. तेच वापरायचं असेल, तर वाटीभर पिठाला वाटी-सव्वा वाटी उकळतं पाणी घालून उकड काढावी आणि कोमट असताना मळावी. अरेपा किंचित ठिसूळ होईल, पण जमेल.

शिजवलेल्या मक्याचं पीठ मिळालं, तर काम फारच सोपं. परातीत अडीच वाट्या कोमट पाणी आणि चमचाभर मीठ घ्या. त्यात दोन वाट्या पीठ हळूहळू सोडत हाताने कालवा. गोळा सैल वाटला तरी लगेच जास्त पीठ घालू नका. पाच मिनिटं झाकून ठेवा, पीठ पाणी पिऊन घट्ट होतं. मग मळून लिंबापेक्षा मोठे गोळे करा आणि दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या थापा. कडेला भेगा पडल्या, तर पीठ कोरडं आहे. ओल्या हाताने पुन्हा मळा. बिडाच्या तव्याला तेलाचा हात लावून मध्यम आचेवर दोन्ही बाजू सहा-सात मिनिटं भाजा. तपकिरी डाग आले, की झाकण ठेवून मंद आचेवर आणखी दहा मिनिटं ठेवा किंवा ओव्हनमध्ये १८० अंशांवर पंधरा मिनिटं. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की आत शिजली.

गरम असतानाच चिरा, आतला थोडा मऊ गर काढून लोणी लावा आणि भरा. काळ्या घेवड्याच्या उसळीसोबत किसलेलं पांढरं चीज भरलं, की ती ‘दॉमिनो’. शिजवून तंतू सोडवलेलं गोमांस आणि पिवळं चीज भरलं, की ‘पेलुआ’, म्हणजे केसाळ. कोंबडी, अ‍ॅव्होकॅडो आणि मेयोनीज भरलेली ‘रेइना पेपियादा’ ही १९५५ ची विश्वसुंदरी सुसाना दुइम हिच्या सन्मानार्थ काराकासमधल्या एका अरेपेरात, म्हणजे अरेपाच्या खाणावळीत, तयार झाली. काहीच भरलं नाही, तर ती ‘विउदा’, विधवा! कोलंबियात मात्र भरणं हा नियम नाही. आंतियोकियातली अरेपा पातळ, बहुधा अळणी, जेवणाबरोबर खायची. कॅरिबियन किनाऱ्यावर ती तळून फुगवतात, कडेला चीर देऊन आत कच्चं अंडं सोडतात आणि पुन्हा तळतात.

गेल्या दशकातल्या आर्थिक संकटात व्हेनेझुएलाच्या दुकानांतून पीठच नाहीसं झालं. त्यासाठी तासन्‌तास रांगा लागल्या आणि अनेकांनी पुन्हा अख्खा मका आणून, शिजवून, हाताच्या यंत्रावर दळायला घेतला. सत्तर लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. त्यांच्यामागोमाग बोगोटा, सांतियागो, माद्रिद आणि मायामीत अरेपेरा उघडल्या. तिकडे पीठ पिशवीतून येतं, आणि मागे राहिलेल्यांनी ते दाण्यापासून केलं. पण आधी शिजवून मग दळण्याचा क्रम दोन्हीकडे तोच राहिला.