वासरांच्या अंगावरील चामखिळी

दोन वर्षांच्या आतील वासरांच्या तोंडावर, मानेवर व कानाभोवती राखी रंगाच्या खरखरीत चामखिळी पुष्कळदा आढळतात. त्या दिसताच कोणी त्या दोऱ्याने आवळतो, कोणी डागतो, तर कोणी वासरू मिळेल त्या किमतीस विकून टाकतो. यांपैकी काहीही करण्याचे सहसा कारण नसते.

हा रोग विषाणूपासून होतो. कातडी खरचटली म्हणजे तो तेथून आत शिरतो. दावे, म्होरकी, काटेरी कुंपण व वेसण टोचण्याचा दाभण ही त्याच्या प्रसाराची साधने होत. संसर्गापासून चामखीळ दिसेपर्यंत एक ते सहा महिने लोटतात. पुढे अंगात प्रतिकारशक्ती उत्पन्न झाली की बहुतेक चामखिळी काही महिन्यांत आपोआप सुकून गळतात. वाढीच्या काळात त्या कापल्यास पुन्हा जोमाने फुटण्याचा संभव असतो.

रोगी वासरू वेगळे बांधावे, त्याचे दावे दुसऱ्यास वापरू नये आणि दाभण प्रत्येक वेळी उकळून घ्यावा. गाईच्या सडांवर चामखिळी आल्यास तिची धार सर्वांच्या शेवटी काढावी. चामखिळी फार वाढून खाण्यास किंवा दूध काढण्यास अडथळा होत असेल, तरच पशुवैद्यकाकडून उपाय करवावा.

मात्र ताप येऊन अंगभर टणक गोल गाठी एकाएकी उठल्या, तर त्या चामखिळी समजू नयेत. सन २०२२ मध्ये महाराष्ट्रात हजारो जनावरे ज्याने दगावली, तो लम्पी चर्मरोग असण्याचा संभव असतो. अशा वेळी वाट न पाहता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी वर्दी द्यावी.