सूर्याकडे पाठ करून पाहिलेला सूर्योदय

आमच्या घरात सूर्योदय आणि सूर्यास्त ह्या दोन वेळा आजीच्या काळापासून स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या आहेत. पंचांगाचे पान बदलते, खिळा तोच. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकून चूल आवरायची आणि सकाळी सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, उलटल्याखेरीज तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी ह्याहून निराळे काही नसेल. गंमत अशी की, ज्या सूर्यावर आमचे सारे खाणेपिणे अवलंबून, तो उगवताना मुद्दाम जाऊन पाहिला आहे, असे आमच्या घरात कोणी नव्हते. आम्ही कॅलेंडर पाहत असू.

माझे तर त्याहून पुढचे होते. छत्तीस वर्षे बँकेच्या नोकरीत गेली. संध्याकाळी रोकड जुळवण्याच्या वेळेस सूर्य कुठे आहे, ह्याच्याशी माझा संबंध नसे. तालुक्याच्या शाखेतून घरी यायला आठ वाजत, मार्चअखेरीस दहा. चौविहार माझ्याकडून सुटला तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी. सौभाग्यवतींचा मात्र लग्नापासून कधी चुकला नाही. ती दिवस मावळण्यापूर्वी एकटी जेवून घेई आणि माझे ताट झाकून ठेवी. मुले लहान होती तोवर त्यांची सोबत असे; पुढे ती शिक्षणासाठी पुण्याला गेली. निवृत्त झाल्यावरही मला साडेआठलाच भूक लागायची. सवय म्हणून ते तसेच चालू राहिले, आणि त्यात काही उणे आहे असे मला वाटलेही नाही.

दार्जिलिंगच्या टायगर हिलवरून कांचनगंगेवरचा सूर्योदय पाहायचा, ही इच्छा तिची. शाळेच्या पुस्तकात चित्र पाहिले होते म्हणे. तीस वर्षे मी ‘पुढच्या वर्षी’ म्हणत आलो. अखेर गेल्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा उलटली, चातुर्मास संपला आणि आम्ही निघालो. नातेपुत्याहून पुणे, तेथून आझाद हिंद एक्स्प्रेसने हावडा, सियालदाहून रात्रीची गाडी धरून न्यू जलपायगुडी. बरोबर खाखरे, दशम्या, मेथीचे थेपले आणि गाळलेल्या पाण्याची कळशी. मुलगा विमानाची तिकिटे काढून देत होता. परंतु एवढा देश मधे आहे, तो खिडकीतून पाहावा असे दोघांनाही वाटले.

पहिल्याच दिवशी फसगत झाली. न्यू जलपायगुडीहून जीपने वर चढताना वाटेत एके ठिकाणी रस्त्याचे काम चालू होते, तेथे दीड तास गेला. मी निश्चिंत होतो. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य सहाला पाच-सात मिनिटे कमी असताना मावळतो. पाचला पोहोचू, साडेपाचला जेवू, असा माझा हिशेब. कर्सियांगच्या वरच्या एका वळणावर सौ. म्हणाली, “अहो, ऊन गेलं बघा.” मी घड्याळ पाहिले. पावणेपाच झाले होते. डोंगराची सावली असेल, असे मी म्हणालो. चालकाने हसून सांगितले की, सावली नव्हे, इकडे ह्या दिवसांत एवढ्यालाच संध्याकाळ होते. थेप्यांचा डबा तिच्या मांडीवर होता. तिने तो उघडला नाही. सकाळी आठला काय खाल्ले असेल तेवढेच. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, आणि वर ती थंडी.

माझी चूक साधी होती आणि हिशेबाच्या माणसाला न शोभणारी होती. मी आमच्या गावची वेळ सोबत नेली होती. भारताची प्रमाणवेळ एकच, ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. परंतु सूर्य प्रमाणवेळ मानत नाही. एक अंश रेखांश सरकायला त्याला चार मिनिटे लागतात. नातेपुते पावणेपंचाहत्तर अंशांच्या आसपास, दार्जिलिंग अठ्ठ्याऐंशीच्या पुढे. साडेतेरा अंशांचे अंतर, म्हणजे ५४ मिनिटे. शिवाय दार्जिलिंग आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला असल्यामुळे हिवाळ्यात तेथला दिवसच लहान. ह्या दोन्ही गोष्टी मिळून कार्तिक-मार्गशीर्षात तेथला सूर्योदय आपल्यापेक्षा पाऊण तासाच्या आत-बाहेर लवकर होतो आणि सूर्यास्त तर तासाहूनही अधिक लवकर. आपल्या वडिलांच्या पिढीला हे वेगळे सांगावे लागले नसते. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाली तरी कोलकात्याने स्वतःची वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. कोलकात्याच्या आडतीशी व्यवहार असलेल्या पेढीवर हा फरक लक्षात ठेवावाच लागत असणार.

रात्री हॉटेलात मी अपराधी चेहऱ्याने जेवायला बसलो नाही, एवढे सांगतो. फार मोठे काही केले असे नव्हे. घास उतरला नसता, इतकेच. तिने मला दोनदा जेवायला सांगितले, मग सांगायचे सोडून दिले.

पहाटे साडेतीनला दारावर थाप पडली. दार्जिलिंगपासून टायगर हिल अकरा किलोमीटर. घूम गावावरून वाट वर वळते. हे घूमचे रेल्वे स्थानक २,२५८ मीटर उंचीवर, भारतातील सर्वांत उंच. १८८१ साली सुरू झालेली ती छोटी आगगाडी अजून तेथून धावते. टायगर हिल त्याहून तीनशे मीटर वर, सुमारे २,५९० मीटर. अंधारात पुढे-मागे जीपगाड्यांची रांग, तांबड्या दिव्यांची माळच. वर पोहोचलो तेव्हा शे-दोनशे माणसे आधीच कठड्याला खेटून उभी होती. स्थानिक बायका थर्मास घेऊन गर्दीतून फिरत कॉफी विकत होत्या. एका बाईने सौ.पुढे पेला धरला. हिने मान हलवली. त्या बाईला वाटले, पैशांचे आहे. तिने भाव कमी केला. शेवटी मी हिंदीत सांगितले की, ह्या सूर्य उगवल्याशिवाय काही घेत नाहीत. बाईने नवलाने पाहिले आणि पूर्वेला बोट दाखवून म्हणाली, “आज तर तो यायचा नाही.”

खरेच आला नाही. सहाच्या सुमारास काळोखाचा करडा झाला, करड्याचा पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्यात शेजारचा माणूसही धूसर दिसू लागला. लोक हळहळले, कोणी पैसे फुकट गेल्याचे बोलले आणि अर्ध्या तासात टेकडी रिकामी झाली. सौ.ला मात्र जायचे नव्हते. सूर्योदय झाला किंवा कसे, ह्याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. ढगाआड असला तरी तो झालाच. तेथली वेळ तिने आता मोबाइलवर पाहून घेतली होती. पावणेसातला तिने मूठ वळून तीन नवकार म्हटले आणि पाण्याचे दोन घोट घेतले. आमच्या गावच्या पंचांगाने चालली असती तर आणखी पाऊण तास थांबावे लागले असते.

त्या दिवशी चौरस्त्यापासून खाली उतरताना बाजारात एक मारवाडी भोजनालय सापडले. दार्जिलिंगच्या व्यापारात मारवाडी मंडळी फार जुनी. मालकांना मी विचारले, जेवण लवकर मिळेल का? ते म्हणाले, “चौविहारवाले ना? चार वाजता या, गरम फुलके देतो.” चारला आम्ही दोघे गेलो. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, मुगाची डाळ, दुधीची भाजी आणि फुलके. खिडकीतून अजून ऊन येत होते. जेवता जेवता सौ. म्हणाली, “तुम्ही असे समोर बसून जेवताय, हे नवीनच.” ती सहज बोलली. मी मनातल्या मनात मोजू लागलो की, लग्नाला अडतीस वर्षे झाली, त्यातील सण, सुट्ट्या आणि पर्युषणाचे दिवस सोडले तर किती संध्याकाळी उरतात. पुढे मोजणे थांबवले.

दुसऱ्या पहाटे पुन्हा गेलो. ह्या वेळी आकाश धुतल्यासारखे होते. सारी गर्दी पूर्वेच्या कठड्याकडे लोटली. चालकाने मात्र आम्हांला आधीच बजावले होते: सूर्य पाहू नका, डोंगर पाहा. कांचनगंगा टायगर हिलच्या उत्तरेला आहे आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे झुकून उगवतो. तेव्हा ज्याला कांचनगंगेवरचा सूर्योदय पाहायचा आहे, त्याने सूर्याकडे जवळजवळ पाठच करून उभे राहायला हवे. आम्ही दोघे गर्दीच्या मागे, उत्तरेकडे तोंड करून थांबलो. तेथे जागाही भरपूर होती.

आधी तेथे काहीच नव्हते, निळसर काळोखावर एक अधिक फिकट काळोख. मग इतक्या उंचावर, जेथे आपण आकाशच धरून चाललेलो असतो, तेथे एक तांबूस ठिपका उमटला. दिवा कोणी लावला, असे वाटावे तसा. तो ठिपका खाली पसरू लागला, तांबूस होता त्याचा केशरी झाला, आणि तेव्हा कळले की हा डोंगराचा माथा आहे आणि डोंगर आपल्या कल्पनेच्या दुपटीने उंच आहे. आमच्या पायांखाली अजून अंधारच होता. आमच्या मागे पूर्वेच्या कठड्यावर लोक अजून सूर्याची वाट पाहत होते.

ह्याचे कारण समजायला सोपे आहे. जो जितका उंच, त्याला क्षितिजापलीकडचा सूर्य तितका आधी दिसतो. कांचनगंगेचा माथा ८,५८६ मीटरांवर. टायगर हिलवरच्या माणसापेक्षा त्याला सूर्य काही मिनिटे अगोदर दिसतो आणि दऱ्याखोऱ्यांना त्यानंतर. रंगाचेही तसेच. त्या वेळी प्रकाश हवेतून फार लांबचा तिरपा प्रवास करून येतो. त्यात निळा रंग वाटेतच विखुरतो आणि तांबडा तेवढा पोहोचतो. सूर्य वर आला की पांच-दहा मिनिटांत सारे बर्फ पांढरेशुभ्र होते आणि लोक तेव्हा छायाचित्रे काढू लागतात.

हा डोंगर तेथून सरळ रेषेत ७५ ते ८० किलोमीटर दूर आहे. म्हणजे नातेपुत्याहून पंढरपूर ओलांडून पुढे जावे, इतका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील सर्वांत उंच शिखर म्हणून ह्याचीच गणना होई. पुढे सर्वेक्षण खात्यात राधानाथ सिकदारांच्या आकडेमोडीतून पंधराव्या क्रमांकाचे शिखर अधिक उंच ठरले, १८५६ साली ते जाहीर झाले आणि तेच एव्हरेस्ट. तेही टायगर हिलवरून दिसते, वायव्येला, बोटाच्या पेराएवढे. शेजारचा मकालू जवळ असल्यामुळे त्याच्याहून उंच भासतो. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांना मी ते टोक दाखवले. त्यांना विश्वास बसला नाही. कांचनगंगेची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे प्रथम वर पोहोचले, तेव्हा सिक्कीमच्या लोकांची त्या शिखरावरील श्रद्धा मानून ते माथ्याच्या काही पावले अलीकडेच थांबले. नंतरच्या अनेकांनी ती रीत पाळली. आपल्या पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक २०१९ च्या मे महिन्यात तेथपर्यंत जाऊन आले आहेत.

सौ. ह्यातले काही ऐकत नव्हती. ती उभी होती, शाल घट्ट लपेटून. सूर्य वर आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा ती वळली, पूर्वेला हात जोडले आणि मला विचारले, “किती झाले?” त्या दिवशी मीही काही घेतले नव्हते. थर्मासवाली कालचीच बाई आम्हांला ओळखून जवळ आली, घड्याळ पाहून हसली आणि म्हणाली, थोड्या वेळाने येते. ती खरोखरच पावणेसातला परत आली. आम्ही मात्र आमचे पाणीच घेतले, आणि तिची नाराजी नको म्हणून तिच्या नातवासाठी खाखऱ्यांचे एक पाकीट दिले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी कार्तिक पौर्णिमेनंतर, डिसेंबरच्या मध्यापर्यंत जावे. हवा त्या वेळी सर्वांत स्वच्छ असते. किमान दोन पहाटा हाताशी ठेवाव्यात, कारण पहिलीचा भरवसा नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी घाबरू नये, गाडी जवळपर्यंत जाते. आणि निघण्यापूर्वी तेथल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. आपल्या गावचे पंचांग तेथे उपयोगी नाही.

परत आल्यानंतर पंधरा दिवसांनी एका पहाटे आम्ही आमच्या गच्चीवर गेलो. पूर्वेला माळशिरसच्या बाजूची सपाटी, पश्चिमेला शंभू महादेवाची डोंगररांग, जिच्यावर शिखर शिंगणापूर आहे. तीन हजार फुटांच्या वर असलेली ती रांग मी जन्मापासून पाहत आलो आहे. आम्ही पूर्वेकडे पाठ करून उभे राहिलो. गल्लीत अजून झुंजुमुंजू होते, दूधवाल्याची सायकल वाजत होती. आणि डोंगराच्या वरच्या कडेवर, अगदी मिनिटभर आधी, ऊन आले. तांबूसही नव्हे, फिकट पिवळे. मी सौ.ला ते दाखवले. तिने पाहिले आणि मग कॅलेंडरवरची वेळ आठवून म्हणाली, अजून पाऊण तास आहे, तोवर चहाचे आधण ठेवायचे नाही.