ऐकायला दिलं, वाचायला कधी देणार?

जुन्नर किंवा घोडेगावच्या एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला ध्वनिमुद्रित पुस्तक मिळवून दिलं की काम झालं, असं भल्या माणसांनाही वाटतं. या समजाने मोठं नुकसान होतं. ऐकून गोष्ट कळते, शुद्धलेखन कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द आपल्या बोलण्यात जवळपास सारखेच ऐकू येतात. ब्रेलमध्ये मात्र ‘द’ आणि ‘न’च्या मध्ये पहिल्या शब्दात २ व ४ क्रमांकांचे ठिपके येतात, दुसऱ्यात ३ व ५. बोटाला ऱ्हस्व-दीर्घ लगेच कळतं. परीक्षेच्या आदल्या रात्री नेमका परिच्छेद शोधायचा, तर तोही मजकुरातच पटकन सापडतो. आणि ज्याला दिसतही नाही, ऐकूही येत नाही, त्याने ध्वनिफितीचं काय करायचं?

ब्रेल ही वेगळी भाषा आहे, हाही गैरसमजच. ती लिपी आहे. सहा ठिपक्यांच्या ६३ रचनांत मराठी पूर्ण मावते. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू झालं; त्यामुळे ब्रेल कालबाह्य झाली असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं.

ब्रेलसाठी आधी मजकूर लागतो. ‘ध्वनिफीत मोबाइलला ऐकवा, मजकूर तयार!’ हे अर्धंच खरं. यंत्र कच्चा खर्डा देतं. चावंड, हडसर, आहुपे अशा नावांशी ते अडखळतं, विरामचिन्हं आणि परिच्छेद चुकवतं. कुणाला तरी पुन्हा ऐकून ओळ न् ओळ दुरुस्त करावी लागते आणि ही नावं ओळखणारे कान याच परिसरात आहेत. प्रकाशकाकडे मूळ मजकूर असेल, तर आधी तोच मागावा. मात्र तो युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमधली फाइल आपल्याला दिसते मराठी, पण पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर ती निरर्थक अक्षरांत वाचतो. पानांचे नुसते फोटो असलेली पीडीएफही त्याच्या उपयोगाची नाही.

कॉपीराइटची भीती बऱ्याच जणांना मागे ओढते. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार अपंग व्यक्तीला वैयक्तिक वाचन, शिक्षण किंवा संशोधनासाठी पुस्तक सुलभ स्वरूपात करून देता येतं. त्यावर नफा मात्र कमवायचा नाही. परदेशी पुस्तकांची वाट मोकळी करणारा मराकेश करार सर्वांत आधी मंजूर करणारा देशही भारतच, २०१४ साली.

नारायणगाव, मंचरच्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी एवढं करावं: परिसरातल्या दृष्टिहीन वाचकाला कोणतं पुस्तक हवंय ते त्यालाच विचारावं आणि त्याचं एक प्रकरण युनिकोडमध्ये तपासून त्याच्या हाती द्यावं.