आधी कोरडं, मग ओलं

मादन हिप्परग्याच्या शिवारातून आलेल्या गाडीचं दार उघडलं की ती कुठून आली हे विचारावं लागत नाही. पायाखाली काळी माती, सीटांच्या फटीत तुरीचं भुसकट, डॅशबोर्डवर अक्कलकोटच्या अंगाऱ्याची पुडी, दाराच्या कप्प्यात चुन्याची अर्धी पिळलेली ट्यूब. नंबरप्लेटवर केए-32 असेल नाहीतर एमएच-13. धूळ काही पासिंग बघून बसत नाही.

आळंद, अक्कलकोट, उमरगा, बसवकल्याण या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या पट्ट्यात रस्त्याकडेला वॉशिंग सेंटरं आहेत. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, एका कोपऱ्यात पाण्याचा पंप आणि दुसऱ्या कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर. गाडी बाहेरून धुणं हे तिथलं रोजचं काम, ते पोरंसोरंही करतात. आतून साफ करणं हा वेगळा धंदा आहे. त्याला दिवस लागतो, कधी दोन. आणि हात बसलेला माणूस कोण, हे तो पहिल्यांदा हातात काय घेतो यावरून कळतं. ओलं फडकं घेतलं तर नवखा. जाणता माणूस ब्रश घेतो.

कारण या मातीत आहे. काळ्या जमिनीतली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट गटातली. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून तर उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिचे बारीक कण दोन मायक्रॉनच्याही खालचे असतात आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. अशी धूळ बसलेल्या सीटवर ओलं फडकं फिरवलं तर धूळ निघत नाही, तिचा लेप होतो आणि तो कापडाच्या विणीत जाऊन बसतो. सारवल्यासारखा. मग कितीही शाम्पू ओता, वाळल्यावर राखाडी डाग वर येतोच. म्हणून आधी छत, मग डॅशबोर्ड, मग सीटा, शेवटी तळ, असं वरून खाली कोरडंच झटकत यायचं. ब्रश, हवा, व्हॅक्यूम. पाण्याला तोवर हात लावायचा नाही.

हवेचाही एक धडा आहे. चारी दारं उघडी ठेवून, वारा पाठीशी घेऊन मारली तर ती धूळ बाहेर नेते. बंद गाडीत मारली तर तीच धूळ काचेच्या बटनांत आणि एसीच्या जाळ्यांत ठासून भरते.

नीट काम करायचं तर सीटा काढाव्या लागतात. बोल्ट चार, पण नव्या गाड्यांत सीटखाली पिवळा जोड दिसला की थांबायचं. पिवळा म्हणजे एअरबॅगची वायर. आधी बॅटरीची तार सोडायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मगच तो जोड काढायचा. जुन्या क्रूझर आणि कमांडर जीपांना ही भानगड नाही. त्यांच्या रेक्झिनच्या बाकड्यांवर ठरल्यापेक्षा दुप्पट माणसं बसून गेलेली असतात. त्यांचं रेक्झिन धुवायचं नसतं, उसवून नवं शिवायचं असतं, आणि ते काम कुशनवाल्याचं.

आता उन्हाकडे येऊ. इकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो आणि गाडी बांधावर उन्हात उभी असते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी इथे झालेला आणि 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. कडक उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांत आतली हवा सरासरी 47 अंशांवर गेली, सीट 51 वर, स्टिअरिंग 53 वर आणि डॅशबोर्ड 69 अंश सेल्सिअसवर. आपल्याकडे बायका स्टिअरिंगवर ओला टॉवेल टाका म्हणून ओरडतात ते उगाच नाही.

डॅशबोर्डचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. उष्णतेने ती हळूहळू उडतात आणि समोरच्या काचेवर आतून जाऊन बसतात. रात्री समोरून ट्रक आला की काचेवर जो धुरकट पडदा चमकतो, त्यात धुळीबरोबर हे तेलही असतं. इकडे प्लास्टिक कोरडं पडत जातं आणि एक दिवस त्याला तडा जातो. तो तडा पुसून जात नाही, हे गिऱ्हाइकाला पटवणं धुण्यापेक्षा अवघड. त्यावर गावठी उपाय म्हणजे खोबरेल तेल. चार दिवस डॅशबोर्ड नवरीसारखा चकाकतो आणि पाचव्या दिवशी त्याच तेलावर शिवारातली सगळी धूळ येऊन चिकटते. बाजारातली चकचकीत सिलिकॉनची पॉलिशंही बहुतेक याच जातीची. मला विचाराल तर न चमकणारा डॅशबोर्डच खरा स्वच्छ.

छताचं दुखणंही उन्हाचंच. छताच्या कापडाच्या पाठीला पातळ फोम असतो. वर्षानुवर्षं तापून त्याचा भुगा होतो, कापड सुटतं आणि मांडवाच्या झालरीसारखं डोक्यावर लोंबू लागतं. घाईत टाचण्या मारणारे खूप. खरा उपाय म्हणजे पुठ्ठ्याचं अख्खं छत खाली उतरवायचं, जुना फोम खरवडून काढायचा आणि उष्णता सोसणाऱ्या गोंदाने नवं कापड बसवायचं. साधा गोंद पुढच्या वैशाखापर्यंतही टिकत नाही.

पण डागांच्या बाबतीत हेच ऊन मित्र होतं. इकडच्या गाड्यांत हळद फार. भंडारा, कुंकू, पूजेचं ताट, लग्नाची वरात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो एकदम लाल होतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. साबण अल्कधर्मी आणि हळदीतलं कुर्क्युमिन अल्कात लाल होतं, एवढीच ती गोष्ट. कुंकू याच युक्तीने, हळदीला चुना लावून करतात. थोडं व्हिनेगर किंवा लिंबू लावलं की डाग परत पिवळा होतो आणि मग ते कव्हर काढून उन्हात टाकायचं. कुर्क्युमिन उजेडात टिकत नाही. डाग आपसूक फिका पडतो. चुन्याच्या डागालाही आंबटच लागू पडतं. बोअरच्या जड पाण्याने काळ्या प्लास्टिकवर उठलेले पांढरे ठिपकेही व्हिनेगरच्या फडक्याने जातात. कात मात्र चिवट. पानाच्या पिचकारीपुढे मी चांगल्या कारागिरांना हात टेकताना पाहिलंय.

सगळ्यात वाईट काय, तर आंबील. वेळा अमावस्येला, आमच्या बोलीत येळवशीला, घरटी गाडी रानात निघते. भज्जी, उंडे, खीर, आणि ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील. एका वर्षी आमची आंबिलीची बिंदगी पांदणीच्या खड्ड्यात मागच्या सीटवर कलंडली. घरी येऊन आम्ही शहाण्यासारखं कढत पाणी ओतलं. तेच चुकलं. गरम पाण्याने ताकातली प्रथिनं फोममध्ये आणखी घट्ट झाली, आणि आंबील आत, पाणीही आत. संक्रांतीपर्यंत गाडीला असा वास सुटला की सोयरेधायरे बसनं जाऊ लागले. शेवटी कव्हराच्या तारेच्या रिंगा कापून फोम उघडा करावा लागला. थंड पाणी, सौम्य साबण, प्रथिनं फोडणारं एन्झाइमचं द्रावण, आणि प्रत्येक फेरीला ओतलं त्याहून जास्त ओढून काढणं. मग तीन दिवस उन्हात. पौष होता म्हणून निभावलं. श्रावणात तो फोम फेकूनच द्यावा लागला असता.

पावसाळ्यात हे काम निम्मं बंदच असतं. भिजलेला फोम वाळत नाही आणि बुरशी धरते. गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून ओलेत्याने जीपमध्ये बसणारे भाविक या धंद्याचे नकळत पोशिंदे आहेत. एसीचंही तसंच. आतल्या थंड जाळीवर साठलेलं पाणी एका नळीतून खाली गळतं. त्या नळीत धुळीचा चिखल अडकला की पाणी पुढच्या सीटवरल्या माणसाच्या पायाशी येतं, आणि लोक समजतात काच गळते. तार सारून नळी मोकळी केली, ग्लव्ह बॉक्समागचा फिल्टर बदलला की निम्मा कुबट वास जातो. त्यासाठी डॅशबोर्डवर सुगंधी बाटल्या मांडायची गरज नाही.

खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात मात्र कारागिराला जेवायला फुरसत नसते. प्रत्येकाला गाडी पूजेला कोरी हवी. परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो, म्हणून सीटा पत्र्याखाली ओळीने मांडतात आणि ढग फाटला की उचलून उन्हात नेतात. तळाचं कापड तेव्हाच उचललं जातं, वर्षातून एकदा. खाली काय काय निघतं! दोन्ही राज्यांच्या एसटीची तिकिटं, मराठी आणि कानडी. पोराचा खोडरबर. तूर तर असतेच. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही गुलबर्ग्याची तूर पोत्याच्या शिवणीतून गळत गळत मॅटखाली जाते. एखाद्या वर्षी पाऊस लांबला आणि दाराचं रबर फाटलेलं असलं, तर मागच्या सीटच्या खोबणीतल्या काळ्या मातीत तिला बोटभर कोंब आलेला असतो.