अकरा हात वर

शिकागोत बिशप बर्नार्ड शील यांनी १९३० साली कॅथलिक युथ ऑर्गनायझेशन सुरू केली. आज अमेरिकेत 'सीवायओ' म्हटलं की चर्चच्या किंवा शाळेच्या जिममधलं मुलांचं बास्केटबॉल आठवतं. खेळाडू शक्यतो त्याच पॅरिशचे, म्हणजे त्या चर्चच्या परिसरातले, वयोगट ठरलेले. अनेक लीगमध्ये बाकावरच्या प्रत्येक मुलाला ठरावीक वेळ खेळवावंच लागतं. हा नियम फार मोलाचा, कारण या वयात बसून राहणं हरण्यापेक्षा जास्त टोचतं.

पण नियम आणि न्याय यांची गाठ दर वेळी पडत नाही.

न्यू जर्सीतल्या क्लार्क गावच्या सेंट जॉन्स या सीवायओ संघात पाचवीतले नऊ मुलगे आणि दोन मुली होत्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये, मोसम संपत आला असताना, लीगने कळवलं की मिश्र संघ नियमात बसत नाही. मुलींशिवाय खेळा, नाहीतर सामना सोडा. जिममध्येच खेळाडूंना कौल विचारला गेला. एकत्र राहायचं? अकराही हात वर. मुलींना वगळून खेळायचं? एकही हात उठला नाही. सामना गेला.

काही दिवसांतच न्यूअर्कच्या आर्चडायोसीसने, म्हणजे तिथल्या कॅथलिक महाधर्मप्रांताने, निर्णय फिरवला आणि उरलेले सामने अकराही जणांना एकत्र खेळता आले.