स्टार्ट मेनू : मांडणी आपल्या हातची

मिसळणाचा डबा घरोघरी असतो. पण त्याची मांडणी प्रत्येक घरात निराळी असते. मोहरी कोणत्या वाटीत आणि हळद कोणत्या, हे त्या घरच्या हाताला ठाऊक असते, म्हणून फोडणीच्या वेळी शोधाशोध होत नाही. संगणकावरील ‘स्टार्ट मेनू’ हा असाच एक डबा आहे. फरक एवढाच, की तो हाती येतो तेव्हा त्याची मांडणी दुसऱ्या कोणी केलेली असते आणि बहुतेक जण ती वर्षानुवर्षे तशीच ठेवतात.

या मेनूचा जन्म नवख्यांची अडचण ओळखून झाला. ‘विंडोज ३.१’ मध्ये प्रोग्राम लहान लहान चौकटींत विखुरलेले असत आणि सुरुवात नेमकी कोठून करावी, हेच अनेकांना उमगत नसे. नव्या प्रणालीच्या आरंभीच्या आराखड्यात पडद्याच्या तळाशी ‘सिस्टिम’, ‘फाइंड’ आणि ‘हेल्प’ अशी तीन बटणे होती. चाचण्यांच्या अनुभवातून पुढे ती एकाच बटणात सामावली गेली आणि त्यावर ‘स्टार्ट’ हा शब्द आला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विंडोज ९५’ बाजारात आले, तेव्हा हे बटण जगभर पोहोचले. २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ ने ते काढून टाकले, तेव्हा वापरकर्त्यांची नाराजी एवढी झाली, की २०१३ मध्ये बटण आणि २०१५ च्या ‘विंडोज १०’ मध्ये मेनूही परत आणावा लागला. अंगवळणी पडलेली मांडणी मोडली की कामाची लय बिघडते, हाच त्याचा अर्थ.

२०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’ मध्ये हा मेनू पडद्याच्या मध्यभागी उघडतो. तो उघडण्यासाठी माउसचीही गरज नाही. कळफलकावरील विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबली की पुरे. मेनू उघडताच हव्या असलेल्या प्रोग्रामच्या नावाची पहिली दोन-चार अक्षरे टंकित केली, की तो समोर येतो. ‘कॅल्क्युलेटर’ किंवा ‘नोटपॅड’ यांसाठी लांबलचक यादी चाळत बसण्याचे कारण उरत नाही.

मांडणी बदलणेही अवघड नाही. ज्या प्रोग्रामचे काम रोज पडते, त्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘पिन टू स्टार्ट’ हा पर्याय निवडावा. नको असलेल्यासाठी ‘अनपिन’ निवडावा. अनपिन केल्याने प्रोग्राम नष्ट होत नाही, तो केवळ दर्शनी जागेवरून हलतो. म्हणून हा प्रयोग निर्धास्तपणे करता येतो. संगणकावरूनच काढून टाकणारा पर्याय ‘अनइन्स्टॉल’ हा आहे आणि तो विचारपूर्वकच वापरावा. एका चिन्हावर दुसरे चिन्ह ओढून सोडले, की दोघांचा मिळून एक कप्पा तयार होतो. त्याला ‘हिशेब’ किंवा ‘मुलांचा अभ्यास’ असे मराठी नावही देता येते. ज्यांना बटण पूर्वीप्रमाणे डाव्या कोपऱ्यात हवे असेल, त्यांना टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये तशी सोय आहे.

‘सेटिंग्ज’मधील ‘पर्सनलायझेशन’ आणि त्यातील ‘स्टार्ट’ हे पान एकदा तरी सावकाश पाहावे. अलीकडे उघडलेल्या फाइलींची नावे मेनूत दाखवायची की नाही, हे तेथे ठरवता येते. संगणक घरातील अनेकांच्या हाताखालचा असेल, तर खाते उतारा किंवा विवरणपत्र यांची नावे सर्वांना दिसणे योग्य नव्हे. अशा वेळी ही सोय बंद केलेली बरी. बँकेच्या शाखांतील संगणकांवरील मांडणी मात्र माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या धोरणानुसार असते. तेथे परस्पर फेरफार करू नयेत.

इंटरनेट बँकिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक उपयोग आहे. शोधयंत्रात बँकेचे नाव टाकून समोर येईल त्या दुव्यावर क्लिक करण्याच्या सवयीचा फायदा बनावट संकेतस्थळे घेतात. त्याऐवजी बँकेचा अधिकृत पत्ता खात्री करून एकदाच टंकित करावा, ‘एज’सारख्या ब्राउझरमधून ते संकेतस्थळ ॲप म्हणून बसवावे आणि त्याचे चिन्ह मेनूत पिन करावे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नामक्षेत्रात येण्याचे निर्देश दिले आहेत. पत्ता तपासताना ही खूण उपयोगी पडते. ‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हेही अशा ग्राहकांनी ध्यानात ठेवावे. सुरक्षेची अद्ययावत दुरुस्ती ज्या संगणकाला मिळत नाही, त्यावरून पैशाचे व्यवहार करू नयेत.

आपल्या मेनूची ओळख असणे हे एका परीने संरक्षणच आहे. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे’ असे सांगणारा अनोळखी दूरध्वनी येतो. पलीकडचा माणूस काही कळा दाबायला लावून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला सांगतो आणि त्यातील लाल-पिवळ्या खुणा दाखवून घाबरवतो. वस्तुतः अशा नोंदी धडधाकट संगणकातही असतात. घाबरलेला ग्राहक मग त्याच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा दुसऱ्याला देणारा प्रोग्राम बसवून घेतो आणि खात्यातील रक्कम धोक्यात येते. स्वतःच्या मेनूत काय आहे व काय नाही, हे ज्याला माहीत असते, त्याला परके चिन्ह चटकन खटकते. असा दूरध्वनी आल्यास तो तत्काळ बंद करावा; फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे.

या साऱ्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. घरातील ज्येष्ठांचा संगणक मुला-नातवंडांनी परस्पर मांडून देण्यापेक्षा, शेजारी बसून त्यांच्याच हातून तो मांडून घ्यावा. स्वतः लावलेली वस्तू कोठे आहे, हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.