वकिलातीची सनद आणि तिची हद्द

परदेशी गेलेल्या मुलाचे कागद घरची माणसे किती जपतात हे पाहावयाचे असेल, तर रे रोड आणि भायखळा यांच्यामध्ये वसलेल्या आमच्या घोडपदेवच्या कुठल्याही जुन्या चाळीत यावे. देव्हाऱ्याखालच्या फळीवर, साडीच्या दुकानाच्या जाड पिशवीत, एल.आय.सी.च्या पावत्या आणि रेशनकार्ड यांच्या सोबतीला पासपोर्टची घडी पडलेली झेरॉक्स निघते, आणि तिच्यावर ‘इसीआर’ ही अक्षरे असतात, ज्यांचा अर्थ घरातल्या कोणालाही ठाऊक नसतो. शेजारच्या मावशी मागच्या महिन्यात अशीच पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. आयुष्यभर गोदीच्या दप्तरात कारकुनी केल्यामुळे कोणत्याही सरकारी अर्जाचा मजकूर मला लिहिता येतो अशी चाळीची समजूत आहे. मावशींचा भाचा आखातात मजुरीला गेला होता, मालकाने त्याचा पासपोर्ट कपाटात बंद करून ठेवला होता आणि चार महिन्यांचा पगार थकला होता. ‘‘भाऊ, तिथली एम्बसी म्हणजे आपलं सरकारच ना? मग दोन पोलीस धाडून पोराला सोडवून आणायला त्यांना काय जड आहे?’’ मावशींनी विचारले.

या एका प्रश्नात परदेशस्थ वकिलातीविषयीचे आपले बहुतेक गैरसमज एकत्र आले होते. आणि ते केवळ मावशींचे नाहीत, कोट-टाय लावून विमानात बसणाऱ्यांचेही आहेत, असे मी स्वानुभवाने सांगतो.

आरंभ शब्दापासूनच करावा लागेल, कारण घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. ‘वकिलात’ हा शब्द मराठी राज्याच्या दप्तरातला. दिल्लीत हिंगणे आणि निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते, आणि धन्याची सनद घेऊन परक्या दरबारी बसावे, तेथील खबर लिहून पाठवावी, धन्याची बाजू मांडावी, हे त्यांचे काम होते. तथापि वकिलाचे वजन केवळ धन्याच्या सनदेवर ठरत नाही, ज्याच्या दरबारी तो उभा राहतो त्याने ती सनद मान्य केली की नाही यावर ठरते, हे रंगो बापूजी गुप्ते यांच्याइतके कोणी भोगले नसेल. 1839 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना पदच्युत केले, त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1853 पर्यंत कंपनीच्या संचालकांचे उंबरे झिजवीत तेथे राहिले. परंतु मांडलिक संस्थानाचा वकील म्हणून त्यांना बरोबरीची मान्यता कोणी दिली नाही, आणि 1848 मध्ये सातारा खालसा झाला तो त्यांच्या डोळ्यांदेखत. बुद्धी, चिकाटी, स्वामिनिष्ठा यांपैकी कशाचीच त्यांच्याजवळ वाण नव्हती. वाण होती ती यजमानाच्या संमतीची. आजच्या वकिलातींचा सारा कायदा, म्हणजे 1961 चा राजनैतिक संबंधांविषयीचा आणि 1963 चा वाणिज्यदूतविषयक असे व्हिएन्ना येथील दोन करार, याच संमतीच्या पायावर उभा आहे.

त्यांतल्या दुसऱ्या कराराने आपल्या भाषेत एक नवीच अडचण करून ठेवली. दूतावास राजधानीत असतो आणि तो राष्ट्राराष्ट्रांतले राजकारण पाहतो. मुंबई, न्यूयॉर्क यांसारख्या नगरांत असतो तो ‘वाणिज्य दूतावास’. या नावातल्या ‘वाणिज्य’ शब्दामुळे तेथे केवळ मालाची आयात-निर्यात चालत असावी असे वाचणाऱ्यास वाटते; प्रत्यक्षात पासपोर्ट, व्हिसा, जन्ममृत्यूच्या नोंदी, मुखत्यारपत्रे, तुरुंगातल्या देशबांधवाची भेट, अशी माणसांची कामेच तेथे अधिक. वृत्तपत्रे दोहोंनाही ‘वकिलात’ म्हणतात, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी कचेरीसमोर पहाटे रांगेत उभा राहिलेला माणूस आपण अमेरिकेच्या राजदूताच्या दारी उभे आहोत असे समजतो, जो वस्तुतः दिल्लीत असतो. राष्ट्रकुलातल्या देशांच्या दूतावासास ‘उच्चायुक्तालय’ म्हणतात. उच्चायुक्त हा राजदूताहून वरचा अधिकारी नव्हे, नाव तेवढे वेगळे. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले बाळासाहेब खेर 1952 मध्ये लंडनला गेले ते उच्चायुक्त म्हणून, आणि त्यांच्याआधी रँग्लर परांजपे ऑस्ट्रेलियात गेले तेही याच नावाने.

वकिलातीची भूमी ही त्या परक्या देशाचीच भूमी होय, हा दुसरा समज तर इतका दृढ आहे की शिकलेली माणसेही त्यावर पैज लावतात. अमेरिकेची मुंबईतली कचेरी पूर्वी ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांकडून 1957 मध्ये दीर्घ भाडेपट्ट्याने घेतलेल्या वाड्यात होती. 2011 मध्ये ती वांद्र्यास हलली, 2015 मध्ये त्या वाड्याचा 750 कोटी रुपयांचा सौदा जाहीर झाला आणि मग तो आपल्याच सरकारच्या परवानग्यांत वर्षानुवर्षे अडकून पडला. ती भूमी अमेरिकेची असती तर हिंदुस्थानातल्या परवानगीचा प्रश्नच कोठे आला असता? भूमी यजमानाचीच राहते, कायदा यजमानाचाच चालतो, तेथे घडलेला गुन्हा याच देशात घडलेला ठरतो, आणि त्या आवारात जन्मलेल्या मुलास केवळ तेवढ्यावरून अमेरिकेचे नागरिकत्व मिळत नाही. इतकेच की यजमानाचे शिपाई, बेलिफ, जप्तीवाले यांना प्रमुखाच्या संमतीवाचून तेथे पाऊल टाकता येत नाही. त्यातही एक बारकावा आहे, जो आम्हा भायखळ्याच्या शेजाऱ्यांना विशेष रुचावा, कारण अग्निशमन दलाचे मुख्यालय आमच्या अंगणातले. वाणिज्य दूतावासास आग लागली तर प्रमुखाची संमती गृहीत धरून बंब आत नेता येतो, असे 1963 च्या कराराच्या 31 व्या कलमात म्हटले आहे. राजधानीतल्या दूतावासासाठी 1961 च्या करारात अशी सवलत नाही, तेथे घर जळत असले तरी बंबवाल्याने दारात थांबून विचारावयाचे!

दूतावास आणि वाणिज्य दूतावास या दोन गोष्टी किती भिन्न असू शकतात, याचे उदाहरण आमच्या पंचक्रोशीत चार दशके नांदत होते. घोडपदेवपासून पायी जाता येईल अशा माझगावात सर एली कदूरी शाळा आहे. ती मुळात बेने इस्रायली मुलांसाठी निघाली. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे, घरात मराठी बोलणारे हे लोक पुढे मुंबईत कारकून, शिक्षक, मिस्त्री झाले आणि इस्रायल स्थापन झाल्यावर त्यांतल्या हजारोंनी तिकडचा रस्ता धरला. भारताने इस्रायलला मान्यता दिली 17 सप्टेंबर 1950 रोजी. परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जोडले ते 29 जानेवारी 1992 रोजी. मधल्या काळात दिल्लीत इस्रायलचा राजदूत नव्हता, इस्रायलमध्ये आपला नव्हता. होता तो 1953 पासून मुंबईत एक इस्रायली वाणिज्य दूतावास, ज्याला राजकारण करण्याची मुभा नव्हती आणि ज्याच्या अधिकाराची हद्दही मर्यादित होती. जाणाऱ्याचे कागद पाहावे, व्हिसा द्यावा, व्यापाऱ्यांना माहिती पुरवावी, एवढ्यावर त्याने समाधान मानावयाचे. तरीही त्या एका कचेरीच्या शिक्क्यावर भायखळ्याच्या आणि माझगावच्या कितीतरी बिऱ्हाडांनी देश बदलला, आणि तिकडे जाऊन ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले.

त्या कचेरीने आपली हद्द एकदा ओलांडली, निदान आपल्या सरकारला तसे वाटले. 1982 मध्ये तेथील वाणिज्यदूत योसेफ हासीन यांनी मुंबईतल्या एका वृत्तपत्राला मुलाखत देऊन भारताच्या पश्चिम आशियाविषयक धोरणावर जाहीर टीका केली, तेव्हा त्यांना देश सोडावयास सांगण्यात आले. वकील दुसऱ्या दरबाराचा कितीही मोठा असला तरी यजमानाच्या घरच्या कारभारात त्याने तोंड घालू नये, हा नियम दोन्ही करारांत आहे. आणि तो मोडला, किंवा मोडला असे यजमानास वाटले, तर ‘ही व्यक्ती आम्हांस स्वीकार्य नाही’ एवढे शब्द पुरे होतात, कारण देण्याचीही सक्ती नाही. त्यासाठी ना खटला, ना साक्षीपुरावा.

वकिलातीत काम करणाऱ्यास कायदा लागूच नाही, या समजाचे उत्तरही याच्याजवळच सापडते. राजदूत व त्याचे राजनैतिक अधिकारी यांना अटकेपासून जवळजवळ पूर्ण संरक्षण असते, वाणिज्यदूतास मात्र केवळ कचेरीच्या कामापुरते. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्क येथील आपल्या उपवाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या व्हिसा व वेतनाच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा हा फरक महाराष्ट्रात घरोघरी चर्चिला गेला, कारण त्यांचे वडील ‘बेस्ट’चे माजी महाव्यवस्थापक म्हणून मुंबईकरांच्या परिचयाचे होते. भारत सरकारने त्यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रांतील आपल्या कायम प्रतिनिधिमंडळात केली. तेथील पद मान्य होताच त्यांना पूर्ण संरक्षण लाभले आणि जानेवारी 2014 मध्ये त्या मायदेशी परतल्या. माणूस तोच, आरोप तोच, बदलला तो केवळ नेमणुकीचा कागद.

आता मावशींच्या प्रश्नाचा गाभा. परदेशी अडकलेल्या आपल्या माणसास वकिलात सोडवून आणू शकते काय? येथे कुलभूषण जाधव यांचा खटला वाचावा. नौदलाचे हे माजी अधिकारी मुंबई पोलिसांतल्या निवृत्त अधिकाऱ्याचे चिरंजीव. लोअर परळमधले त्यांचे बालमित्र त्यांच्यासाठी रस्त्यावर आले होते. मार्च 2016 मध्ये त्यांना पाकिस्तानात अटक झाली, इराणातून त्यांना पळवून नेले असे भारताचे म्हणणे, आणि 10 एप्रिल 2017 रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड सुनावल्याचे जाहीर झाले. तोवर भारताने डझनाहून अधिक वेळा एकच मागणी केली होती, आणि ती सुटकेची नव्हती, भेटीची होती. 1963 च्या कराराचे 36 वे कलम असे आहे की अटक झालेल्या परदेशी माणसास त्याच्या या हक्काची जाणीव यजमानाने तत्काळ दिली पाहिजे, आणि त्याच्या वाणिज्यदूतास त्याला भेटण्याची, पत्रव्यवहाराची, वकील मिळवून देण्याची मुभा असली पाहिजे. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात ही बाजू मांडली, आणि 17 जुलै 2019 रोजी पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी पाकिस्तानने हे कलम मोडल्याचा निवाडा झाला. परंतु शिक्षा रद्द करून सोडून द्यावे ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही; भेट घडवावी आणि शिक्षेचा फेरविचार करावा, एवढेच सांगितले. हेरगिरीच्या आरोपातही हा हक्क लोपत नाही, हे त्या निवाड्यातले वाक्य माझ्या मते सर्वांत मोलाचे. वकिलातीच्या हाती काय असते ते येथे उघडे दिसते: तिला तुरुंगाची किल्ली मिळत नाही, तुरुंगाच्या दारापर्यंत जाण्याचा हक्क मिळतो, आणि तोही पुष्कळदा भांडून.

‘एम्बसीवाले काही करीत नाहीत’ हा समज पसरविण्यास सिनेमाही थोडा कारणीभूत आहे. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर तेथल्या आपल्या माणसांची जी सुटका झाली तिच्यावर 2016 मध्ये ‘एअरलिफ्ट’ नावाचा चित्रपट आला. त्यात एक उद्योगपती सारे करतो आणि सरकारी माणसे बहुतांशी हातावर हात ठेवून बसलेली दिसतात. परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर नाराजी व्यक्त केली आणि ती अनाठायी नव्हती. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले, माणसे बसगाड्यांतून जॉर्डनच्या अम्मान शहरी पोचविली गेली, आणि तेथून एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत 488 उड्डाणांतून एक लाखाहून अधिक लोक आमच्या सहार विमानतळावर आणून उतरविले. तेथल्या भारतीय समाजातल्या माणसांनी केलेली मेहनतही खरीच. पण सरहद्द ओलांडण्याची परवानगी, विमान उतरविण्याची परवानगी, हरवलेल्या पासपोर्टाच्या जागी चालेल असा कागद, या गोष्टी एका सरकारने दुसऱ्या सरकारकडूनच मिळवावयाच्या असतात.

मावशींना मी यातले अर्धेही सांगितले नाही. एवढे सांगितले की पासपोर्ट हा 1967 च्या कायद्याप्रमाणे भारत सरकारच्या मालकीचा असतो, भाच्याच्याही नव्हे, मग मालकाच्या कपाटाचा कसला. की ‘इसीआर’ म्हणजे मजुरीसाठी ठरावीक देशांत जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते असा शेरा, आणि ती काढूनच तो गेला असेल तर त्याच्या कराराची नोंद सरकारदरबारी आहे. की तिथली वकिलात पोलीस धाडणार नाही, पण मालकाला पत्र लिहील, त्या देशाच्या कामगार खात्यात तक्रार रुजू करील, आणि अगदी निरुपाय झाला तर 2009 पासून वकिलातींजवळ असलेल्या कल्याण निधीतून तिकिटाचा खर्चही करू शकेल. अर्जात पासपोर्टाचा क्रमांक, मालकाचे नाव, कामाचा पत्ता, थकलेल्या पगाराचे महिने, एवढे स्पष्ट हवे. ‘गरिबावर दया करावी’ हे वाक्य मी खोडले, मावशींनी ते पुन्हा घालावयास लावले.

पासपोर्ट मिळालाच नाही तर वकिलात त्याला ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देईल, तो एका पानाचा दाखला असतो आणि त्यावर फक्त एकदा, फक्त भारतात येता येते, असे मी शेवटी म्हणालो, तेव्हा पिशवीची गाठ मारता मारता मावशींचे हात थांबले.

‘‘म्हणजे परत जाता येणार नाही?’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरावरचं कर्ज अजून फिटायचं आहे, भाऊ.’’